एकाच ‘बॅटमॅन’चे दोन अल्बम : गाणी आणि पार्श्वसंगीत

सुपरहिरोपटांच्या संगीताविषयी बोलताना ‘साउंडट्रॅक’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो : चित्रपटासाठी केलेली गाणी आणि दृश्यांखाली वाजणारे पार्श्वसंगीत. आपल्याकडे श्रेयनामावलीत ‘संगीत’ आणि ‘पार्श्वसंगीत’ यांची नावे पुष्कळदा स्वतंत्र येतात, त्यामुळे हा फरक मराठी प्रेक्षकाला परका नाही. तरीही हॉलिवूडच्या बाबतीत गल्लत होतेच, आणि ती दूर करायला टिम बर्टन यांच्या १९८९ च्या ‘बॅटमॅन’इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

त्या वर्षी या चित्रपटाच्या नावाने दोन अल्बम निघाले. एक पॉप गायक प्रिन्स यांच्या गाण्यांचा, दुसरा संगीतकार डॅनी एल्फमन यांच्या वाद्यवृंदरचनांचा, म्हणजे पार्श्वसंगीताचा. प्रिन्स यांचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत ६ आठवडे अव्वल राहिला. त्यातले ‘बॅटडान्स’ही गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, पण ते चित्रपटात वाजतच नाही. गाण्याला अशी मोकळीक असते. पार्श्वसंगीत मात्र दृश्याच्या लांबीला आणि संकलनातल्या प्रत्येक कापणीला बांधलेले असते.

पडद्यावरही दोघांची कामे निराळी आहेत. संग्रहालयाच्या प्रसंगात खलनायक जोकरचा साथीदार खांद्यावर भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन येतो, प्रिन्स यांचे ‘पार्टीमॅन’ सुरू होते आणि त्या ठेक्यावर सारी टोळी अभिजात चित्रांवर रंग फासत सुटते. हे गाणे जोकरला ऐकू येते, तो त्यावर नाचतो. एल्फमन यांची धून मात्र त्या शहरातल्या कोणाच्याही कानी पडत नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत कॅमेरा अंधाऱ्या दगडी खाचांतून फिरत असतो आणि आपण कुठे आहोत हे कळत नाही. खर्जातले सूर हळूहळू वर चढतात, त्यांना लष्करी संचलनाची लय सापडते आणि अखेर कॅमेरा दूर गेल्यावर त्या खाचा म्हणजे वटवाघळाचे चिन्ह होते, हे उमगते. नायक अजून पडद्यावर आलेलाही नसतो, पण त्याचा दरारा मनात बसलेला असतो. पुढे हीच धून कधी संथ, कधी पूर्ण जोमाने परत येते, आणि चित्रपट एकसंध वाटतो तो मला तरी तिच्यामुळेच.

पात्रांना ऐकू येते की नाही, ही खूण उपयोगी असली तरी पुरेशी नाही, कारण अखेरच्या श्रेयनामावलीवर वाजणारे गाणेही कोणत्याच पात्राला ऐकू येत नसते. मानवी आवाज असला की ते गाणे, ही खूण तर साफ फसवी आहे. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये केंड्रिक लामार आणि सिझा यांचे ‘ऑल द स्टार्स’ हे गाणे आहे, तर पार्श्वसंगीत लुडविग यॉरानसन यांचे. ऑस्करमध्ये या दोहोंसाठी पुरस्कार वेगळे : गाण्याला नामांकन मिळाले, पार्श्वसंगीताला पुरस्कार. यॉरानसन यांनी सेनेगलमध्ये गायक बाबा माल यांच्यासोबत राहून काम केले. नायक टी’चालासाठी त्यांनी बोलके ढोल (बोलण्यासारखे चढउतार काढणारे पश्चिम आफ्रिकी ढोल) निवडले आणि त्याचा प्रतिस्पर्धी किलमाँगरसाठी फुला बासरी (पश्चिम आफ्रिकेतल्या फुला समाजाची बासरी). टी’चालाचे विमान वकांडा या त्याच्या काल्पनिक देशात शिरते तेव्हा बाबा माल यांची खुली, उंच हाक आकाश व्यापते. ते गायनच आहे, पण त्या क्षणासाठी, त्या दृश्याच्या मापाने रचलेले, आणि म्हणून ते पार्श्वसंगीतातच मोडते.