आशा गावाची की सरकारची?

आशा म्हणजे सरकारी योजनेतून गावोगाव नेमलेल्या आरोग्य स्वयंसेविका. त्यांच्या संपाच्या बातम्यांत मोबदल्याचा आकडा येतो, मोर्चाचा फोटो येतो आणि विषय संपतो. मोबदला पगार म्हणून न देता कामागणिक द्यायचा, हा निर्णय २००५ मधला आहे. त्याच्या आधी तीस-पस्तीस वर्षे गावोगाव प्रयोग चालू होते. गावाने आपल्या आरोग्यासाठी समिती नेमावी ही शिफारस तर त्याहून जुनी, १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातली. ती बराच काळ कागदावरच राहिली.

लोकसंघटनाच्या सिद्धांतात १९६८ साली एका अमेरिकी अभ्यासकाने तीन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. गावाने एकत्र बसून आपले प्रश्न आपण सोडवायचे, ही पहिली. तज्ज्ञांनी योजना आखून ती लोकांपर्यंत न्यायची, ही दुसरी. ज्यांच्या हाती काही नाही त्यांनी एकजूट करून ज्यांच्या हाती आहे त्यांना जाब विचारायचा, ही तिसरी. महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्यात या तिन्ही वाटा तुडवल्या आहेत. सरकारला मात्र दुसरीच मानवते, बाकीच्या दोन तोंडी लावायला.

जामखेडला १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू झाले तेव्हा लोकांनी आधी मागितले ते पाणी आणि अन्न. औषधाचा नंबर नंतरचा. शिकलेल्या परिचारिका खेड्यात रमेनात, म्हणून आरोग्याच्या कामासाठी गावातल्याच बाया निवडल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित. हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले, त्यामुळे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिकडे जाणे भाग पडले. आरोग्याच्या पुस्तकात हे बसत नाही, पण संघटनेचे काम यालाच म्हणतात. पुढे गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी लोकआंदोलनातून आली. त्याच जिल्ह्यात ३९ गावांतल्या स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळे सांभाळली आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि धोरण आखणाऱ्यांना ते टाळता येईनात.

मधल्या काळात केंद्राने एक मोठा प्रयत्न करून पाहिला होता. २ ऑक्टोबर १९७७ पासून हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. निवड गावाने करायची होती. प्रत्यक्षात निवडले गेले ते बहुतेक पुरुष, आणि बरेचसे गावातल्या वजनदार मंडळींच्या मर्जीतले. योजनेचे नाव दोनदा बदलले. रक्षकांनी संघटना बांधल्या, पगारासाठी कोर्टाची पायरी चढली. २००२ मध्ये केंद्राने निधीच थांबवला.

२००५ मध्ये आशा योजना आखणाऱ्यांसमोर हा अनुभव होता. या वेळी स्त्रीच हवी, ती त्याच गावची हवी, निवडीत ग्रामसभेचा शब्द हवा, हे जामखेड-गडचिरोलीकडून घेतले. अडले ते पैशांपाशी. ठरावीक पगार दिला तर ती खात्याची सर्वांत खालची पायरी होईल, गावाऐवजी वैद्यकीय अधिकाऱ्याला बांधील राहील, असा युक्तिवाद झाला. तो केवळ तिजोरी सांभाळणाऱ्यांचा नव्हता, चळवळीतल्या काहींनाही पटणारा होता. दुसरी बाजू सरळ होती: दिवसभर राबणाऱ्या गरीब बाईकडून स्वयंसेवा मागायची आणि शेजारच्या खोलीतल्या कर्मचाऱ्याला पगार द्यायचा, हा कुठला न्याय? अखेर मधला मार्ग निघाला. तिला स्वयंसेविका म्हणायचे आणि कामागणिक मोबदला द्यायचा.

तोडगा दिसायला शहाणपणाचा होता, पण ज्याची भीती होती तेच त्याने जास्त पक्के केले. दरपत्रक वाचले की लक्षात येते. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या तर २५० रुपये. गाव आरोग्य समितीची मासिक बैठक घडवून आणायचे १५० रुपये. त्या बैठकीत उपकेंद्राला कुलूप का असते हे विचारायचे मात्र पैसे नाहीत. उलट विचारले तर ज्या आरोग्यसेविकेची मोबदल्याच्या फॉर्मवर सही लागते, तीच नाराज होणार. संघटनेचे काम मोजता येत नाही, म्हणून ते दरपत्रकात आले नाही. आणि दरपत्रकात नाही ते काम हळूहळू कामच उरले नाही. पगार दिला असता तर हे टळले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण महिनाअखेर फॉर्म मंजूर होतो की नाही या टांगणीला लागलेली बाई गावाची बाजू घेऊन भांडेल, ही अपेक्षा मुळातच भाबडी होती.

जाब विचारण्याची ती तिसरी वाट सरकारी योजनेत अधिकृतपणे शिरली ती २००७ मध्ये, लोकाधारित देखरेखीच्या रूपाने. नऊ राज्यांतला हा पथदर्शी प्रकल्प महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत राबवला गेला. गावकऱ्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असा रंग द्यायचा आणि तो तक्ता घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बसायचे. बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, फुकट असलेल्या सेवेसाठी घेतलेले पैसे, गैरहजर डॉक्टर असल्या गोष्टी सगळ्यांदेखत बोलल्या जाऊ लागल्या. अर्थात ज्या खात्याला जाब विचारायचा, त्याच्याच निधीवर ही देखरेख चालत होती.

कोविडने उरलासुरला आडपडदा काढला. सप्टेंबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. जून २०२१ मध्ये त्याच संपावर गेल्या. गाव संघटित करायला नेमलेल्या बाया संघटित झाल्या, पण मालकासमोर, कामगार म्हणून. केंद्राने नित्याच्या कामांसाठी दरमहा २,००० रुपये २०१८ मध्येच ठरवले होते. २०२३-२४ च्या लांबलेल्या आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये राज्याने आपल्या बाजूने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. कामागणिक दरपत्रक त्यानंतरही चालूच आहे.