शाळेबाहेरची मर्यादा : शिक्षक-विद्यार्थी नात्याच्या नियमांची पार्श्वभूमी

इ.स.पू. ३४५च्या सुमारास अथेन्समधल्या एका खटल्यात एस्किनीझ नावाच्या वक्त्याने शहराचे जुने कायदे न्यायसभेपुढे मांडले. त्यांतला एक शाळेच्या वेळेचा होता. शिक्षकाने सूर्योदयाआधी शाळा उघडायची नाही आणि सूर्यास्ताआधी ती बंद करायची. कुस्ती शिकवणाऱ्यांनाही तोच नियम होता. कारणही एस्किनीझच सांगतो. या लोकांचे पोट त्यांच्या चांगल्या नावावर चालते, तरीही कायदा करणाऱ्याने केवळ त्या नावावर विसंबून राहायचे नाकारले. मूल मोठ्या माणसाबरोबर एकटे किंवा अंधारात राहू नये, ही त्याची काळजी होती. एकट्या विद्यार्थ्याला बंद खोलीत थांबवून घेऊ नका, असे आजची आचारसंहिता सांगते तेव्हा अनेक चांगले शिक्षक दुखावतात. आपल्यावरच हा नवा संशय का, असे त्यांना वाटते. ही काळजी निदान तेवीसशे वर्षे जुनी आहे आणि ती कोणा एका शिक्षकावरचा आरोप म्हणून जन्मलेली नाही.

अथेन्सचा नियम जागा आणि वेळ यांच्याशी बांधलेला होता. शिकणे शिक्षकाच्या घरातच होत असेल, तर तो कुठे लावायचा? गुरुकुलात शिष्य गुरूच्या घरीच राहायचा, त्यामुळे तिथले नियम थेट नात्यांना चिकटले. वीस वर्षे पूर्ण झालेल्या शिष्याने तरुण गुरुपत्नीला पायांना हात लावून वंदन करू नये, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गुरुपत्नीशी संबंध हे तर महापातक. आदिपर्वात कच देवयानीला नकार देतो, तोही गुरुकन्या म्हणूनच. हे सगळे नियम शिष्याला बांधतात. तोल ढळण्याची शक्यता जणू त्याच्याचकडून. पण आपस्तंब धर्मसूत्र या प्राचीन नियमग्रंथात गुरूलाही बजावले आहे : शिष्यावर मुलासारखी माया करावी, विद्या हातची राखू नये आणि आपत्काळ वगळता, त्याच्या अभ्यासात खंड पडेल अशा रीतीने त्याला स्वतःच्या कामाला जुंपू नये. मला हे वचन फार मोलाचे वाटते. शिष्याचा वेळ आणि त्याचे श्रम ही गुरूची मालमत्ता नाही, हे त्यात इतक्या आधी मान्य केलेले आहे.

युरोपातले सर्वांत गाजलेले उदाहरण बाराव्या शतकातल्या पॅरिसचे. तत्त्वज्ञ आबेलार फुल्बेर नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या घरी राहायला गेला आणि त्याच्या भाचीला, एलोईझला, शिकवू लागला. फुल्बेरने तिला रात्रंदिवस आपल्या ताब्यात दिले, शिक्षेचा अधिकारही दिला, असे आबेलारने स्वतःच पुढे लिहून ठेवले. मूल झाले, गुप्त विवाह झाला, फुल्बेरच्या माणसांनी आबेलारला नपुंसक केले आणि अखेर दोघेही मठात गेले. शतकानुशतके ही थोर प्रेमकथा म्हणून सांगितली गेली. एलोईझची पत्रे वाचली की प्रेम होते यात शंका उरत नाही. पण तिला लिहिलेल्या एका पत्रात आबेलार कबूल करतो की ती नको म्हणत असताना आपण धमक्या देऊन, मारून तिला राजी केले. शिक्षकाच्या हातातली छडी आणि त्याची इच्छा एकाच खोलीत आली की काय होते, याची ही त्याच्याच हातची नोंद आहे. प्रेमकथा सांगताना ती सहसा वगळली जाते.

पुढे कायद्याने शिक्षकाला पालकाच्या जागी बसवले. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने मांडले, की बाप आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाकडे सोपवू शकतो. हा अधिकार शाळेच्या फाटकाशी थांबतो का, हा प्रश्न १८५९ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ‘लँडर विरुद्ध सीव्हर’ या खटल्यात आला. शाळा सुटल्यावर अकरा वर्षांचा एक मुलगा गाय हाकत शिक्षकाच्या घरावरून चालला होता. सोबतच्या मुलांदेखत त्याने शिक्षकाला नावाने हिणवले. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने त्याला शाळेत चाबकाने फोडले. न्यायालयाने तत्त्व असे घालून दिले, की शाळेबाहेरच्या वागण्याने शिक्षकाच्या अधिकारावर थेट आघात होत असेल, तर तो शिक्षा करू शकतो. म्हणजे फाटकाबाहेर पहिल्यांदा पोचला तो शिक्षकाचा अधिकार. त्याची जबाबदारी तिथे पोचायला आणखी शतकाहून जास्त काळ गेला.

शिक्षकाला मात्र खासगी आयुष्य फारसे नव्हते. अमेरिकेच्या खेड्यांत शिक्षक आळीपाळीने विद्यार्थ्यांच्याच घरी जेवायला-राहायला असत. ब्रिटनमध्ये शिक्षिकेने लग्न केले की बहुतेक ठिकाणी नोकरी जाई. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही बंदी १९४४च्या शिक्षण कायद्याने उठली. शिक्षकाच्या चारित्र्यावर समाजाचा पहारा कडक होता, पण तो शाळेची अब्रू राखण्यासाठी होता. १९६६ मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस मंजूर झाली. शिक्षक संघटनांनी आचारसंहिता तयार कराव्यात असे ती म्हणते आणि त्याचे पहिले कारण देते व्यवसायाची प्रतिष्ठा.

मूल मध्यभागी आले ते शाळेबाहेरच्या क्षेत्रांमुळे. १९६२ मध्ये अमेरिकन डॉक्टर हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या राज्यांनी अशा घटना कळवणे बंधनकारक केले. मानसोपचारात नात्याच्या मर्यादांची चर्चा सत्तरच्या दशकापासून वाढली. १९७७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संहितेने रुग्णाशी लैंगिक संबंध स्पष्टपणे निषिद्ध ठरवले. ज्याच्या हाती विश्वास आणि सत्ता दोन्ही असतात, त्याच्यासमोर दुसऱ्याची ‘संमती’ मोकळी नसते, हा विचार तिथे पक्का झाला आणि तोच पुढे शिक्षकी पेशालाही लागू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचे एकोणिसावे कलम पालकांइतकेच, मूल ज्याच्या देखभालीत आहे अशा प्रत्येकाला लागू होते.

शाळेबाहेरच्या मर्यादेचा सर्वांत स्पष्ट निकाल १९९६चा, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. ‘आर. विरुद्ध ऑडे’ हा खटला विद्यार्थिनीला केलेल्या लैंगिक स्पर्शाचा; आरोपी बावीस वर्षांचा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता आणि मुलगी चौदा वर्षांची, आदल्या वर्षीची त्याची विद्यार्थिनी. भेट उन्हाळी सुट्टीत, शाळेपासून दूर, एका क्लबमध्ये योगायोगाने झाली होती. शाळा बंद, वर्ग नाही, मग शिक्षक तरी कसला, असा बचाव होता आणि खालच्या न्यायालयात तो टिकला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो फेटाळला. वेगळा पुरावा नसेल, तर शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत विश्वासाच्या स्थानीच असतो आणि सुट्टी लागली म्हणून ते स्थान रजेवर जात नाही, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच. मर्यादा भिंत आणि घड्याळ सोडून नात्याबरोबर चालू लागली. ब्रिटनने २०००च्या कायद्यात आणि पुढे २००३च्या लैंगिक गुन्हे कायद्यात संमतीचे वय सोळा असूनही, विश्वासाच्या स्थानी असलेल्यांसाठी ते अठरा मानले.

पैशांची मर्यादा हा याचाच शेजारचा धागा. भारताच्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात अठ्ठाविसावे कलम शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करते.

मग हातोहाती मोबाइल फोन आला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्याने असा कायदा केला, की शिक्षकाने आजी-माजी विद्यार्थ्यांशी खासगी संवाद होईल अशी संकेतस्थळे वापरायची नाहीत. शिक्षक संघटना न्यायालयात गेली. स्वतःचे मूल त्याच शाळेत असेल तर त्याच्याशीही बोलायचे नाही का, असा प्रश्न उभा राहिला. अभिव्यक्तीवर गदा येते म्हणून न्यायाधीशांनी अंमलबजावणी रोखली आणि काही आठवड्यांतच विधिमंडळाने ते कलम मागे घेतले. त्याच वर्षी कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षक परिषदेने वेगळा मार्ग धरला : माध्यम बंद न करता औपचारिक, खुले संवाद ठेवण्याचा सल्ला दिला. मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. घरात मार खाणारे मूल रात्री शिक्षकालाच कळवते. त्याला उत्तर न देणारा शिक्षक कोणती मर्यादा पाळतो? उत्तर द्यावे, आणि ते सकाळी मुख्याध्यापकांना सांगता येईल असे असावे. घातक असते ते फक्त दोघांपुरते ठेवलेले गुपित, कारण अत्याचार करणारा पहिली मागणी त्याचीच करतो.

कायदा अजून पूर्ण पोचलेला नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये विश्वासाच्या स्थानाची व्याख्या वाढवली, ती क्रीडा प्रशिक्षक आणि धर्मशिक्षणापर्यंत. घरी येऊन गणित किंवा गाणे शिकवणारा, किंवा पडद्यावर एकट्या मुलाला तासभर भेटणारा खासगी शिक्षक त्या यादीत आला नाही. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याबाबत विश्वासाचे हे स्थान नेमके कधी संपते, याचेही उत्तर देशागणिक वेगळे आहे.