माळ्यावरचा तबला आणि मेंदूतल्या कंटिका

थोरलीला तबल्याच्या क्लासला घातलं, तेव्हा माझी जुनी जोडी माळ्यावरून खाली आली. डग्ग्याची चाट उंदरांनी कुरतडली होती, वाद्या वाळून कडक झाल्या होत्या. दुरुस्तीला नेल्यावर कारागिरांनी तबल्याच्या खोडावर टिचकी मारून पाहिली. म्हणाले, "लाकूड चांगलंय ताई. पुड्या तेवढ्या नव्या घालू."

जोडी घरी आली त्या रात्री पोरं झोपल्यावर मी चुंबळीवर तबला ठेवला. तेरा वर्षांनी. 'मध्यमा पूर्ण' या परीक्षेपर्यंत शिकले होते. मग नोकरी, लग्न, थोरली, धाकटा. "आता कुठला हात राहिलाय, गेला असेल तो," असं बहीण फोनवर म्हणाली होती आणि मलाही तसंच वाटत होतं.

तीनतालाचा ठेका पाच मिनिटांत सापडला. मग दिल्ली घराण्याचा तो कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आठवायचा प्रयत्न केला, जो प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी घासतोच. तोंडाने बोल येईनात. 'धाति टधा'च्या पुढे सगळं कोरं. कंटाळून ठेकाच वाजवत राहिले आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात हात आपसूक कायद्यात शिरला: धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना. बोटांकडे बघत बघत मी बोल ओळखले. मला जे सांगता येत नव्हतं, ते हाताला करता येत होतं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढचे काही आठवडे मी मिळेल तेव्हा याच एका गोष्टीबद्दल वाचत राहिले.

मराठीत आपण कौशल्य हातात ठेवतो. हात बसला, हात वळला, हात गेला. खरं तर हातात राहतं ते थोडंच: बोटांच्या टोकांचे घट्टे, मनगटाची ताकद. ती खरोखरच जाते, माझीही गेली होती. दहा मिनिटांत मनगट भरून आलं. पण कोणतं बोट कोणत्या क्षणी चाटेवर, म्हणजे कडेवर, पडायचं आणि कोणतं शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, हा हिशेब मेंदूत असतो. तोही एका जागी नसतो. सांगता येणारी आठवण वेगळीकडे तयार होते आणि करता येणारी वेगळीकडे.

हे वेगळेपण एका माणसामुळे स्पष्ट झालं. हेन्री मोलेसन हा अमेरिकी तरुण अपस्माराच्या झटक्यांनी हैराण झाला होता. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा बराचसा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. आपला हात आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी कडांमधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसत असल्याने कुणाचाही हात आधी भरकटतो. तीन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी त्याची पेन्सिल जवळजवळ न चुकता फिरत होती, आणि हे काम आपण आधी कधी केलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. मला बोल आठवत नसताना हात का चालला, त्याचं पहिलं उत्तर इथे मिळालं. हाताचं शिक्षण मेंदूच्या कवचातला हालचालींचा पट्टा, खोलवरची केंद्रकं आणि मानेच्या वरचा अनुमस्तिष्क अशा ठिकाणी साठतं.

पण तेरा वर्षं न वापरता ते टिकलं कसं? वाचताना मी खरी अडकले ती इथे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, सोडून द्यायचा आणि काही काळाने पुन्हा पाठ करायचा. त्याने मोजलं ते हे की दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला. ३१ दिवसांनंतरही सुमारे २१ टक्के वेळ वाचत होता. या मापाला त्याने 'बचत' म्हटलं. याद्या तोंडी पाठांतराच्या होत्या, हाताच्या नव्हेत, पण मुद्दा मोठा आहे. आठवत नाही म्हणजे काहीच उरलं नाही, असं नसतं. मग जे उरतं ते कुठे, कोणत्या रूपात?

शाळेतली चेतापेशीची आकृती आठवा. मधे पेशीकाय, एका बाजूला लांब अक्षतंतू, दुसऱ्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका. पाठ्यपुस्तकात या फांद्या गुळगुळीत काढतात. प्रत्यक्षात मेंदूतल्या बऱ्याच पेशींच्या फांद्यांवर हजारो बारीक काटे असतात. हे काटे पहिल्यांदा नीट पाहिले ते सांतियागो रामोन इ काहाल यांनी. १८८८ साली बार्सिलोनात ते पक्ष्यांचा अनुमस्तिष्क चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहत होते. रंगवण्याची ती पद्धत कामिल्लो गोल्जी या इटालियन शास्त्रज्ञाची. काटे म्हणजे रंगाचे चिकटलेले कण आहेत, असं इतरांचं म्हणणं. काहाल यांनी काही वर्षांनी मेथिलीन ब्लू या वेगळ्याच रंगाने रंगवून काटे पुन्हा दाखवले.

काहाल यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, वडिलांना डॉक्टर हवा होता. ते डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले, पुढे सात मुलांचे वडील झाले, आणि चित्रकला त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आणून ठेवली. त्यांनी काढलेल्या चेतापेशींच्या आकृत्या आजही छापल्या जातात. शिवाय रंगीत छायाचित्रणाचा नाद होता तो वेगळाच. भरल्या घरातही छंद जगू शकतो, हे मला कुणाच्या उपदेशापेक्षा त्या रेषांनी जास्त पटवलं.

आता काट्यांकडे. त्यांना कंटिका म्हणू. एक कंटिका साधारण मायक्रॉनभर, म्हणजे केसाच्या जाडीत पन्नासएक ओळीने बसतील. तिला देठ असतो आणि टोकाला बोंड. दुसऱ्या पेशीचा अक्षतंतू या बोंडापाशी येऊन थांबतो, मधे अतिसूक्ष्म फट. अक्षतंतूतून ग्लुटामेट हे रसायन सुटतं, ते बोंडाच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांना चिकटतं, ती दारं उघडतात, सोडियमचे आयन आत येतात. ही झाली एक थाप.

थापा नेमक्या वेळी पुन्हा पुन्हा पडल्या, तर एन.एम.डी.ए. नावाची दुसऱ्या जातीची दारंही उघडतात. एरवी त्यांच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी आधीच उत्तेजित असेल तरच तो बाहेर ढकलला जातो. म्हणजे हे दार दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच उघडतं: समोरून रसायन आलं पाहिजे आणि ही पेशीही जागी असली पाहिजे. मग कॅल्शियम आत शिरतं, त्याच्या सांगाव्यावरून बोंडात आणखी ए.एम.पी.ए. ग्राही, म्हणजे पहिल्या जातीची दारं, बसवले जातात, आतला ॲक्टिन तंतूंचा सांगाडा वाढतो आणि बोंड फुगतं. मोठं बोंड म्हणजे जास्त ग्राही, म्हणजे तीच थाप जास्त जोरात ऐकू येणार. सराव थांबला की बोंड आक्रसू शकतं. अगदी नाजूक, नव्या कंटिका तर नाहीशाच होतात.

२००९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथल्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध मी तीनदा वाचला. उंदरांना फटीतून पंजा घालून एक दाणा उचलायला शिकवलं आणि जिवंत मेंदूतल्या त्याच त्या फांद्या दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने पुन्हा पुन्हा पाहिल्या. सराव सुरू झाल्यापासून तासाभरात हालचालींच्या पट्ट्यात नव्या कंटिका उगवल्या होत्या! त्यांतल्या बऱ्याच पुढे गळाल्या, पण सराव चालू ठेवलेल्या उंदरांत काही पक्क्या झाल्या. मग लहानपणी शिकलेल्या उंदरांना काही महिन्यांनी, मोठेपणी, पुन्हा तेच काम दिलं. काम त्यांना येत होतं आणि या वेळी नव्या कंटिकांची लाट उसळली नाही. त्याच वयाच्या उंदरांना शेवयांसारखी बारीक काडी हाताळायचं नवं काम दिलं, तेव्हा मात्र ती उसळली.

त्याच वर्षी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने दृष्टीच्या बाबतीत असंच दाखवलं. प्रौढ उंदराचा एक डोळा काही दिवस झाकला तर काही पेशींवर कंटिका वाढतात. डोळा उघडला, नजर पूर्ववत झाली, तरी त्या राहतात. पुन्हा तोच डोळा झाकला तर नव्या येत नाहीत, मेंदूतला बदल मात्र पहिल्यापेक्षा लवकर होतो, आणि पहिल्या वेळी आलेल्या कंटिकाच जाड होतात.

कोकणातलं बंद घर डोळ्यांपुढे आणा. चाकरमानी गणपतीला येतात, कुलूप काढतात, जाळी झाडतात, चूल पेटवतात, संध्याकाळपर्यंत घर नांदतं होतं. पाया खणायला लागत नाही. एबिंगहाउसची बचत बहुधा अशीच असते: जोड जागेवर, बोंड आक्रसलेलं. उंदराचा दाणा म्हणजे माझा कायदा नव्हे, हे मला कळतं. माणसाच्या जिवंत मेंदूत एकेक कंटिका अशी बघता येत नाही. पण चेतापेशींची मूळ यंत्रणा आपली आणि उंदराची फार वेगळी नाही.

वेळेचं गणित राहिलंच. "रोज दोन तास मिळाले तर बसेन" असं म्हणत मी तेरा वर्षं काढली. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवण्याचा एक अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. रोज एक तास शिकणाऱ्या गटाला कळफलक आत्मसात करायला सुमारे ३५ तास लागले, रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना सुमारे ५०. दिवस अर्थातच पहिल्या गटाला जास्त लागले, आणि आपण मागे पडतोय असं वाटून तोच गट सर्वांत नाराज होता. ही नाराजी मला ओळखीची वाटली. माझी वीस मिनिटं त्या एका तासाइतकी फळतील असं हा अभ्यास म्हणत नाही. पण तुकड्यातुकड्यांनी केलेला सराव वाया जातो, ही समजूत त्याने मोडली.

झोपेचं मात्र वाईट वाटलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गटाने दाखवलं की फिरत्या दांड्यावर धावायला शिकलेल्या उंदरांना नंतर झोपू दिलं, तर ठरावीक फांद्यांवर नव्या कंटिका जास्त येतात. जागं ठेवलं तर कमी. धाकटा चार वर्षांचा असून रात्री दोनदा उठतो. म्हणून मध्यरात्रीचा रियाज मी बंद केला. त्यापेक्षा झोपते.

क्लासच्या बाहेर थांबलेल्या पालकांत परवा 'मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन'चं पत्रक फिरत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचायला लागेल, फी काही हजार. मध्यमस्तिष्क डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचं आकुंचन अशी कामं जन्मापासून करतच असतो, तो कुणी येऊन सुरू करायचा नसतो. पट्टीखाली नाकाशेजारच्या फटीतून मुलं बघतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे वारंवार उघडं केलं आहे. राग याचा येतो की त्यात मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं, तेही आईवडिलांच्या पैशाने. त्याच पैशात एक बरी जोडी येते.

आता सहा आठवडे झाले. थोरलीचा गृहपाठ आणि माझी वीस मिनिटं एकाच खोलीत चालतात. शेजारी आजारी असतील तेव्हा उशीवर वाजवते. कायदा दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, स्वच्छ येतो, पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार, एकेक करून उगवताहेत. धिरधिर हा तळव्याने वाजवायचा बोल मात्र येत नाही. तळव्याची कड शाईवर घसरते आणि आवाज फुटतो. जुनी वही काढून पाहिली तर त्या पानावर गुरुजींनी लाल शाईत 'कच्चं' लिहिलेलं आहे, तारीख माझ्या शेवटच्या महिन्यातली. तिथे कधी घरच बांधलं नव्हतं. त्या पानापासून सुरुवात केली आहे, विलंबित लयीत.