स्वतःचा व्हिडिओ एडिटर नेमण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातील आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात ठाणे आणि नवी मुंबईतील दुकाने, दवाखाने, क्लासेस आणि कारखाने यांच्या व्हिडिओंचे एडिटिंग केले जाते. अलीकडे बरेच ग्राहक थोड्या संकोचानेच विचारतात, की हे काम बाहेर देण्याऐवजी आम्ही एखादा एडिटर पगारावर ठेवला तर कसे होईल. प्रश्न आमच्याच पोटावर येणारा असला, तरी त्याचे सरळ उत्तर देणे आम्हाला योग्य वाटते आणि त्यासाठी हे पत्रक काढले आहे.

निर्णय घेताना महिन्याला किती व्हिडिओ लागतात एवढेच मोजू नये. ते किती घाईने लागतात हेही पाहावे. राम मारुती रस्त्यावरील साड्यांच्या दुकानात सकाळी नवा माल उतरला आणि त्याची रील संध्याकाळच्या गर्दीआधी जायला हवी असेल, तर बाहेरच्या कार्यालयाच्या रांगेत थांबणे परवडत नाही. तेथे दुकानातच बसणारा एडिटर हवा. याउलट वागळे इस्टेटमधील यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याला वर्षातून चार-पाच फिल्म लागतात, त्याही प्रदर्शनाच्या आधी. अशा ठिकाणी एडिटर नेमला की पहिला महिना तो जुने फुटेज लावत बसतो, दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडे बॅनर आणि व्हिजिटिंग कार्डांची कामे येतात आणि लवकरच तो दुसरी नोकरी पाहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. रफ कट (व्हिडिओची पहिली कच्ची जुळणी) पाहून ‘हे ठेवा, ते काढा’ असे अंतिम सांगणारी एकच व्यक्ती आपल्याकडे आहे का? मालक, त्यांचे बंधू आणि मार्केटिंग पाहणारी व्यक्ती असे तिघे तीन वेगवेगळी करेक्शन्स देत असतील, तर कितीही चांगला एडिटर ठेवला तरी एका मिनिटाच्या व्हिडिओत आठवडा जातो. हा प्रश्न आधी सोडवावा आणि मगच नोकरीची जाहिरात द्यावी.

पगाराखेरीज होणारा खर्च अनेकांच्या लक्षात येत नाही. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्रित केलेले ४के (उच्च स्पष्टतेचे) फुटेज तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेते. आठवड्याला दोन तास चित्रीकरण झाले, तर वर्षाला साधारण ४.७ टीबी होतात आणि बॅकअपची दुसरी प्रत धरली तर त्याच्या दुप्पट. त्याशिवाय बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक लागतो आणि रेंडर (तयार व्हिडिओची अंतिम फाइल बनणे) चालू असताना वीज गेली तर काम पुन्हा करावे लागू नये म्हणून यूपीएसही लागतो. सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीलाच पैसे घालावे लागतात असे नाही. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर दुकानाच्या रील्स उत्तम होतात. उमेदवाराचा हात प्रीमियर प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर बसलेला असेल, तर त्याचे वर्गणीशुल्क मात्र धरावे लागेल.

निवड करताना केवळ शोरील (उमेदवाराने दाखवलेला निवडक कामांचा व्हिडिओ) पाहून भुलू नये, कारण त्यातले कोणते काम उमेदवाराचे आणि कोणते त्याच्या वरिष्ठांचे हे पडद्यावर दिसत नाही. आपलेच अर्ध्या तासाचे रॉ (न कापलेले) फुटेज द्यावे, त्यातून एका मिनिटाचा व्हिडिओ मागावा आणि या चाचणीचे पैसे द्यावेत. फुकट चाचणी घेणाऱ्याकडे चांगली माणसे फिरकत नाहीत. व्हिडिओ पाहून झाल्यावर प्रोजेक्ट फाइलही (ज्यात एडिटिंगची सगळी मांडणी साठवलेली असते ती) उघडायला सांगावी. क्लिपांना नावे दिली आहेत का, आवाजाचे ट्रॅक वेगळे ठेवले आहेत का, यावरून हा माणूस रजेवर असताना दुसऱ्याला त्याचे काम हाती घेता येईल की नाही ते कळते. चाचणीत मराठी सबटायटल अवश्य करून घ्यावीत, कारण सॉफ्टवेअरमधील मजकुराची सेटिंग चुकली किंवा फॉन्ट युनिकोड नसला तर जोडाक्षरे फुटतात. आम्ही स्वतः उमेदवाराला ‘कैऱ्या’ आणि ‘वऱ्हाडी’ हे दोन शब्द टाइप करायला देतो. त्यात बरेच काही कळते.

चांगल्या एडिटरला चित्रीकरणाचीही थोडी जाण असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटखाली शटर (प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याची वेळ) १/५० सेकंद ठेवून सेकंदाला २५ फ्रेम्सने (चित्रांनी) घेतलेले चित्र स्थिर दिसते, तर मोबाइलच्या नेहमीच्या ३० फ्रेम्सच्या सेटिंगवर कधी कधी पट्टे लुकलुकतात. हे आधीच सांगणारा माणूस आपले अनेक तास वाचवतो.

नेमणूकपत्र मात्र लेखीच असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे राहतो. बाहेरच्या व्यक्तीकडून घेतलेली चित्रे, संगीत किंवा पटकथा यांचे हक्क मात्र लेखी लिहून घ्यावेत; त्या करारात मुदत नमूद नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरता राहतो. चित्रपटगीते व्यावसायिक रीलमध्ये परवान्याशिवाय वापरायची नाहीत, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळते.

चॅनलचे पासवर्ड आणि हार्ड डिस्क संस्थेच्या नावावर व ताब्यात असाव्यात. वाशीतील आमच्या एका ग्राहकाचा एडिटर भांडण होऊन गेला, तेव्हा चॅनल त्याच्या खासगी ईमेलवर उघडलेले होते. ते परत मिळेपर्यंत दिवाळीचा हंगाम निघून गेला होता.

उमेदवार कोठून येणार याचाही विचार करावा. महापे किंवा रबाळे येथे कार्यालय असेल, तर ट्रान्स-हार्बर लोकल मार्गाच्या स्थानकावर उतरल्यानंतरचा रिक्षाचा टप्पा रोज दोनदा करावा लागतो. रात्री आठनंतर थांबवण्याची वेळ येणार असेल तर ते मुलाखतीतच स्पष्ट करावे.

आपण एडिटर नेमल्यास आपल्या जुन्या कामांच्या प्रोजेक्ट फाइल, फॉन्टची नावे आणि लोगोच्या मूळ फाइल आम्ही देतो आणि नव्या एडिटरला एक दिवस आमच्याकडे बसवून घेतो. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. येताना किमान २ टीबीची रिकामी हार्ड डिस्क आणावी आणि शक्यतो सकाळी यावे, कारण फाइल उतरवून घेण्यास अर्धा दिवस सहज जातो.