हिरडीतले रक्त आणि जिवाणूंचे बस्तान

कोल्हापूर हा ऊस आणि गुळाचा मुलूख, त्यामुळे दातांचे कोणतेही दुखणे निघाले की दोष आधी गोडाला दिला जातो. दात किडण्यापुरता तो रास्तही आहे. हिरड्यांच्या आजारात, म्हणजे पायोरियात, मात्र प्रमुख मानला जाणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू साखरेवर जगतच नाही. त्याला प्रथिने लागतात, आणि ती पुरवते आपलेच रक्त.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. हिरडी सुजली की तिच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून अधिक द्रव पाझरतो आणि त्याबरोबर अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, अँटिबॉडी अशी रक्तातली प्रथिने खाचेत उतरून दाताच्या पृष्ठभागावर बसतात. जिवाणूची गाठ दाताशी नव्हे तर या प्रथिनांच्या थराशी पडते, आणि तो थर कशाचा आहे यावर तिथे कोण टिकणार हे बऱ्याच अंशी ठरते. अल्ब्युमिनने मढलेल्या पृष्ठभागावर अनेक जिवाणूंना चिकटणे जड जाते. फायब्रिनोजेनचे तसे नाही. पॉर्फिरोमोनासच्या अंगावरचे केसांसारखे बारीक तंतू त्याला नेमके धरतात. गंमत अशी, की हेच प्रथिन द्रवात मोकळे असेल तर त्या तंतूंना परस्पर गुंतवून चिकटण्यात अडथळाही आणू शकते. रक्त जिवाणूंना साथ देते की अडवते, याचे सरसकट उत्तर म्हणूनच देता येत नाही.

पुढचा भाग अधिक धूर्त आहे. हा जिवाणू जिंजिपेन नावाची विकरे सोडतो. ती प्रथिने तोडतात, तेव्हा त्यांचे आत झाकलेले भाग उघडे पडतात आणि तंतूंना पकडायला नव्या जागा मिळतात. फायब्रिनोजेन तुटल्यामुळे रक्त नीट गोठत नाही, हिरडी पाझरत राहते, आणि हिमोग्लोबिनमधले लोहयुक्त हीम या जिवाणूच्या हाती लागते. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती काळ्या दिसतात, त्या याच साठवलेल्या हीममुळे.

घासताना रक्त आले की ब्रश बाजूला ठेवण्याची सवय या साखळीला पोषकच ठरते, कारण जिवाणूंचा थर तसाच राहून सूज आणि पाझर दोन्ही वाढतात. धूम्रपान करणाऱ्यांत उलटी फसगत होते: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, पण आजार आत चालूच असतो, अशा वेळी दंतवैद्याला बारीक सळईने खाचेची खोली मोजूनच तो ओळखावा लागतो.