स्कॅनआधी ॲस्पिरिन नको

‘पक्षाघाताची लक्षणं दिसताच ॲस्पिरिन चघळायला द्या,’ हा फॉरवर्ड डिचोली-पेडण्यातल्या घरगुती ग्रुपांवरही फिरतो. हार्ट अटॅकच्या वेळी असाच सल्ला देतात, म्हणून तो पटतोही. पण मेंदूत गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे बाहेरून कळत नाही. वाकडं तोंड, लुळा हात दोन्हींत सारखाच. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. फरक दाखवतो सीटी स्कॅन: ताजं रक्त पांढरं दिसतं. (गुठळी असताना सुरुवातीचा स्कॅन जवळपास नॉर्मलही येतो, बरं का.) खात्री करायची तर डॉक्टरांना स्कॅन दाखवायला सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून गोळी शोधण्याऐवजी लक्षणं सुरू झाल्याची वेळ टिपून १०८ला फोन करा.