विज्ञानमालिकांचे संदर्भ ओळखण्याचा छंद

दूरचित्रवाणीवरील एखाद्या आवडत्या विज्ञानकथा-मालिकेतील पात्रे, वाक्ये, हातांच्या खुणा, यानांची नावे किंवा क्रमांक अन्यत्र, म्हणजे चित्रपटांत, विनोदी मालिकांत, जाहिरातींत, शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांत अथवा रोजच्या वापरातील वस्तूंत आले असता ते हेरणे, मूळ प्रसंगाशी ताडून पाहणे आणि जाणकारांत त्याची चर्चा करणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी व चिक्कोडी या सीमाभागातील मराठी भाषकांत तो साधारणपणे १९८०च्या दशकापासून रुजला असावा. पुढील विवेचन मुख्यतः ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या आधारे केले आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात ७९ भागांत प्रथम प्रक्षेपित झाली, आणि सर्वाधिक संदर्भ जिचे सापडतात अशा मालिकांत तिची गणना होते.

उगम : छंदाचा आरंभ कोठे मानावा याविषयी तीन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार त्याचे मूळ शेरलॉक होम्सच्या वाचकवर्गात आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे वाचलेल्या निबंधात धर्मग्रंथांच्या चिकित्सेची शिस्त होम्सकथांना लावून दाखवली आणि लोकप्रिय कथेचा बारकाईने अभ्यास करण्याचा पायंडा पडला. दुसरे मत विज्ञानकथांच्या नियतकालिकांकडे बोट दाखवते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या मासिकात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे वाचक एकमेकांशी जोडले गेले, १९३० मध्ये त्यांची पहिली हौशी पत्रिका निघाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक संमेलन भरले. तिसऱ्या मतानुसार आजच्या अर्थाने हा छंद ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनीच घडवला. त्यांची पत्रिका १९६७ मध्ये, मालिका चालू असतानाच निघाली होती आणि जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे स्वतंत्र संमेलनही झाले.

यांपैकी तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. संदर्भ ओळखता येण्यासाठी मूळ कृती अनेकांना जवळजवळ पाठ असावी लागते, आणि ‘स्टार ट्रेक’ मूळ वाहिनीवर बंद पडल्यावर ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांवरून तिचे जे अखंड पुनःप्रक्षेपण झाले, त्याने ही अट पूर्ण केली. कीर्तनातील आख्यान श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, म्हणूनच बुवांनी जाता जाता केलेला सूचक उल्लेख त्यांना भिडतो. येथेही काहीसे तसेच घडले. नॉक्स यांचा निबंध मूळ कथांच्या आतच फिरतो, तर या छंदाचा रोख कथेबाहेरच्या जगाकडे असतो, हाही फरक लक्षात घ्यावा लागेल.

वर्गीकरण : संदर्भांचे प्रकार पाडण्याचे आधुनिक प्रयत्न बहुधा माध्यमानुसार झालेले आहेत, परंतु चित्रपटातील, जाहिरातीतील, खेळातील असे भेद वरवरचे ठरतात. या कामी संस्कृत काव्यशास्त्रातील विचार अधिक उपयोगी पडतो. नवव्या शतकातील काश्मीरचा आचार्य आनंदवर्धन याने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, एका कवीच्या रचनेचे दुसऱ्याच्या रचनेशी दिसणारे साम्य, ज्याला तो ‘संवाद’ म्हणतो, तीन प्रकारांत विभागले आहे : आरशातील प्रतिमेसारखे ते प्रतिबिंबवत्, चित्रासारखे ते आलेख्यवत् आणि दोन माणसांच्या देहांत असावे तसे ते तुल्यदेहिवत्. पहिल्याला स्वतःचा आत्माच नसतो व दुसऱ्याचा आत्मा तुच्छ असतो, म्हणून कवीने ते दोन्ही टाळावेत. तिसऱ्याचा आत्मा स्वतंत्र व प्रसिद्ध असल्याने ते साम्य टाकण्याचे कारण नाही, असा त्याचा निर्णय आहे. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त यांत ‘परपुरप्रवेश’ हा चौथा प्रकार घातला. त्यात मूळ वस्तू तीच राहते, परंतु मांडणीची घडण पूर्णपणे बदलते. राजशेखराचा पणजोबा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले गेले आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे चार प्रकार मूळ कृतीचे ऋण मोजण्यासाठी केलेले असले, तरी ते ओळखणाऱ्याच्या कामालाही लागू पडतात. व्हल्कन सलामीचे, म्हणजे मालिकेतील व्हल्कन या परग्रहवासींच्या अभिवादनाच्या हातखुणेचे, चिन्ह २०१४ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरचिन्हांच्या मानकाच्या सातव्या आवृत्तीत दाखल झाले आणि आज ते कोणाच्याही मोबाइलवर सापडते. हे शुद्ध प्रतिबिंब होय. विनोदी मालिकांतील पात्रे जेव्हा ‘स्टार ट्रेक’ची वाक्ये वापरून आपला स्वभाव रंगवतात, तेव्हा ते आलेख्य ठरते. ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेच्या १५ डिसेंबर २००८ रोजी दाखवलेल्या भागात शेल्डन या पात्राला अभिनेते लेनर्ड निमॉय यांची स्वाक्षरी असलेला हातरुमाल भेट मिळतो. त्यातील विनोद ‘स्टार ट्रेक’मधील स्पॉक या व्हल्कन पात्राची भूमिका निमॉय यांनी केली हे न जाणणाऱ्यालाही थोडाफार कळतो; हातरुमालाला निमॉय यांनी तोंड पुसले होते हे ऐकून शेल्डन हरखून का जातो, हे मात्र चाहत्यालाच पुरते उमगते. बंद पडलेल्या अवकाशमालिकेतील नटांना परग्रहवासी खरेखुरे अंतराळवीर समजतात, असे कथानक असलेला १९९९ चा ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ हा चित्रपट तुल्यदेहिवत् गटात बसतो, कारण त्याला स्वतःचा जीव आहे. ओळखण्यातला खरा आनंद याच तिसऱ्या गटात आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

काही संदर्भ मात्र वर्गीकरणाला दाद देत नाहीत. २३०९ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव ‘मिस्टर स्पॉक’ आहे. १९७१ मध्ये तो जेम्स गिब्सन यांना सापडला आणि त्यांनी हे नाव आपल्या मांजरावरून दिले. मांजराचे नाव मालिकेतील पात्रावरून ठेवलेले होते. येथे संदर्भ एका मध्यस्थामार्फत आला आहे. पाळीव प्राण्यांची नावे लघुग्रहांना देऊ नयेत, असा संकेत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने पुढे घातला. खुद्द निमॉय यांच्या नावाचा ४८६४ क्रमांकाचा लघुग्रह त्यांच्या निधनाच्या वर्षी, २०१५ मध्ये, निश्चित झाला.

अमेरिकेच्या पहिल्या अवकाश शटलाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्याचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरले होते. चाहत्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या मोहिमेनंतर ते मालिकेतील यानाप्रमाणे ‘एंटरप्राइज’ झाले आणि १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते लोकांपुढे आणताना मालिकेतील कलाकार उपस्थित होते. चाचण्यांपुरते बांधलेले हे यान अवकाशात कधीच गेले नाही. मालिकेतील यानाचे नाव मुळात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवरून घेतलेले होते, आणि १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात यानावरील भिंतीवर पूर्वीच्या ‘एंटरप्राइज’ नौकांच्या चित्रांत या शटलाचेही चित्र लावलेले दिसते. नौदलाकडून मालिकेकडे, मालिकेकडून अवकाशसंस्थेकडे आणि तेथून परत पडद्यावर असा हा प्रवास आहे. त्याच चित्रपटात मुंबईत जन्मलेल्या पर्सिस खंबाटा यांची महत्त्वाची भूमिका होती, हे भारतीय चाहते आवर्जून सांगतात.

व्हल्कन सलामीचा उगम निमॉय यांनी स्वतःच सांगून ठेवल्यामुळे तेथे वादाला जागा उरत नाही. तर्जनी व मध्यमा एकत्र, अनामिका व करंगळी एकत्र, मध्ये फट आणि अंगठा बाजूला, अशी ही मुद्रा १९६७ मध्ये प्रथम पडद्यावर आली. यहुदी पुरोहित आशीर्वाद देताना दोन्ही हातांनी जी मुद्रा करतात, ती निमॉय यांनी बालपणी पाहिली होती. त्यामुळे ही मुद्रा एखाद्या जुन्या धार्मिक चित्रात दिसली, तर तो मालिकेचा संदर्भ मानता येत नाही.

चुकीच्या ओळखी : घाईने केलेली ओळख हा या छंदातील मोठा दोष मानला जातो. ‘बीम मी अप, स्कॉटी’ हे सर्वाधिक उद्धृत होणारे वाक्य मूळ मालिकेत याच शब्दांत कोणीही उच्चारलेले नाही. १९८६ च्या चौथ्या चित्रपटात त्याच्या सर्वांत जवळची शब्दयोजना आढळते. मोबाइल फोनची कल्पना मालिकेतील संदेशयंत्रावरून सुचली, हेही वारंवार सांगितले जाते. परंतु ३ एप्रिल १९७३ रोजी हातातील फोनवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर यांनी डिक ट्रेसी या चित्रकथेतील मनगटी रेडिओचाही हवाला दिलेला आहे. मात्र १९९६ च्या ‘स्टारटॅक’ या घडीच्या फोनशी मालिकेतील यंत्राचे साम्य नजरेत भरणारे आहे. वैज्ञानिक साहित्यातील ऋण अधिक नेमकेपणाने दाखवता येते : मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ च्या शोधनिबंधात सापेक्षतावादाच्या चौकटीत प्रकाशाहून जलद प्रवासाची शक्यता मांडली आणि तिला मालिकेतील ‘वॉर्प’ हेच नाव दिले.

सीमाभागातील प्रसार : राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून शाळा, वर्तमानपत्र आणि चित्रपट यांच्या भाषेचा प्रश्न येथील मराठी घरांत रोजचाच आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातून रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवली जाई. हे प्रक्षेपण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने कोल्हापूरच्या व बेळगावच्या मुलांनी एकच भाग एकाच वेळी पाहिला. त्याच दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर आलेली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९९८ ची ‘कॅप्टन व्योम’ या हिंदी मालिकांत कप्तान, त्याचा चमू आणि यानाचा नियंत्रणकक्ष ही मांडणी ओळखीची वाटते. तुल्यदेहिवत् साम्याची ही घरची उदाहरणे आहेत.

भाषेचा प्रभाव येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कन्नड चित्रपटसृष्टीने १९६०च्या दशकापासून भाषांतरित ध्वनिमुद्रणाला, म्हणजे डबिंगला, विरोध केला. हा विरोध अनेक दशके टिकला आणि २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निर्णय दिल्यानंतरच सैल होऊ लागला. मराठीतही परदेशी मालिकांचे डबिंग क्वचितच झाले. परिणामी, सीमाभागातील प्रेक्षकापर्यंत विज्ञानमालिका इंग्रजीत किंवा हिंदीत पोहोचली. हिंदी रूपांतरात वाक्यातील सूचक उल्लेख बहुधा गळून पडतो, कारण भाषांतरकाराला ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवायचे असतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, पडद्यावर हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी वापरणाऱ्या बेळगावच्या विद्यार्थ्याला हे गळणे चटकन जाणवते, आणि तोच या छंदाचा येथील मुख्य वाहक आहे. १९९८ मध्ये बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाल्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली, ही गोष्टही छंदाला पोषक ठरली असावी.

‘स्टार ट्रेक’च्या पुढील पिढीतील मालिकेत ३० सप्टेंबर १९९१ रोजी दाखवलेला ‘डार्मोक’ हा भाग या चर्चेत पुन्हा पुन्हा निघतो. त्यातील परग्रहवासी केवळ आपल्या पुराणकथांतील प्रसंगांची नावे घेऊन बोलतात. शब्द कळतात, पण कथा माहीत नसल्याने कप्तान पिकार्डला अर्थ लागत नाही, आणि अखेरीस तो त्यांना प्राचीन मेसोपोटेमियातील गिल्गमेशाची कथा सांगून संवाद साधतो. ‘पानिपत झाले’ एवढे म्हटल्यावर ज्यांना १४ जानेवारी १७६१ आठवते, त्या मराठी प्रेक्षकांना ही कल्पना परकी वाटत नाही.

मराठी विज्ञानकथेच्या परंपरेने या छंदाला वाचनाची जोड दिली. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या. कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होते. लपवलेली खूण शोधण्याची गोडी लागलेल्या वाचकाला यासारखे उदाहरण मराठीत दुसरे सहजी मिळत नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत भरणाऱ्या साहित्य संमेलनांचा भर कविता व ग्रामीण कथेवर असतो. विज्ञानकथेची चर्चा तेथे तुलनेने कमी होते. ती मुख्यतः महाविद्यालयांची उपाहारगृहे, वसतिगृहे आणि मित्रांचे कट्टे येथे चालते.

नोंद ठेवण्याची पद्धत साधी आहे. संदर्भ जेथे आढळला त्या कृतीचे नाव, दृश्य केव्हा येते ती मिनिटे, मूळ मालिकेतील भागाचे नाव व प्रथम प्रक्षेपणाचा दिवस आणि संदर्भ शब्दाचा, दृश्याचा की आवाजाचा आहे, एवढे लिहिले की पुरते. मूळ भागाच्या आधी प्रसिद्ध झालेल्या कृतीत साम्य आढळल्यास ती नोंद बाद होते आणि ऋणाची दिशा उलट असण्याची शक्यता तपासली जाते. निव्वळ क्रमांकावरून केलेली ओळख, उदाहरणार्थ ‘एंटरप्राइज’च्या १७०१ या नोंदणी क्रमांकाची, दुसरा पुरावा मिळेपर्यंत संशयित मानणे इष्ट होय.